मागची सीट नसलेली गाडी

२ फेब्रुवारी

चि. दोऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे दाजी चार महिने घराबाहेर पडलेले नाहीत, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर तू उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवतोस. मला अंगठा नको, उत्तर हवंय.

सप्टेंबरअखेर डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि ह्यांचं गाडी चालवणं बंद केलं. तीस वर्षं शहरात बस चालवलेला माणूस. भांडले नाहीत, कुरकुरले नाहीत, लायसन्स स्वतः जाऊन जमा करून आले. आठवड्याने थोरला त्याची गाडी घेऊन आला, मागचं दार उघडून म्हणाला, "बाबा, मागे बसा, पाय पसरून आरामात." हे वळले आणि जिना चढून घरात आले. त्यानंतर खाली उतरले नाहीत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत हिंडायफिरायला लागले नाहीत तर गुडघे धरतील आणि पुढचं वर्ष खाटेवर जाईल. धाकटीने विनवलं, जावयाने चाकांची खुर्ची आणली. ती खुर्ची आता इस्त्रीचे कपडे ठेवायला उपयोगी पडते.

मी विचार केला तो असा. तीस वर्षांत ह्यांनी घरी येऊन एकाही प्रवाशाची गोष्ट सांगितली नाही. सांगितल्या त्या सिग्नलला बसच्या खिडकीखाली येऊन थांबणाऱ्या उघड्या गाड्यांच्या. कोण आली, कोणत्या रंगाची, टप कसा उघडला. मी कणीक मळत "हं, हं" करायची. आता मला नुसता रंग आठवतो, गाडी आठवत नाही.

तर मी एक घेणार आहे. चालवणार मी, वजनमापे खात्याची जीप मी अशा रस्त्यांवर चालवली आहे की जिथे दुकानदार माप लपवायला गावाबाहेर पळायचे. नव्वदच्या दशकातली, जर्मन, दोनच सीटची, आणि आता जुनी झाल्यामुळे पेन्शनीत बसेल अशी. चौकशीत तीन नावं निघाली: बीएमडब्ल्यूची झेड-थ्री, मर्सिडीजची एसएलके आणि पोर्शची बॉक्स्टर. ऑडीची टीटी दशक संपता संपता आली. तपासणीला उशिरा आणलेलं माप मी कधी घेतलं नाही.

तू तीस वर्षं अशाच गाड्यांचे टप शिवतोयस. तिघींचं खरं काय ते लिही. ह्यांना विचारू शकत नाही. विचारलं तर "आपलं वय काय" म्हणतील आणि विषय संपेल. गाडी दारात उभी राहिली पाहिजे.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

साठी बुद्धी नाठी म्हणतात. तुझी साठीत पालवली. पत्र तीनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वन्संनी घेतली तर मीही बसेन एकदा." मी म्हटलं, दोनच सीट आहेत, नंबर लाव.

आता काम. मी गाडी टपावरून ओळखतो, तेव्हा टपापासूनच सांगतो.

झेड-थ्री. कापडी टप, साधा, हाताने उघडायचा. पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीला दोन खिट्या असतात, दोन टोकांना. त्या सोडल्या आणि टप मागे ढकलला की कापड आपणहून आपल्या घडीत जाऊन बसतं, शहाण्या घरातल्या चादरीसारखं. मागची काच प्लास्टिकची, घडी पडताना तिला मध्ये हाताचा आधार दिला की वर्षानुवर्षं टिकते. नाक लांब, माणसं पार मागच्या चाकांपाशी बसतात, आणि पुढच्या चाकामागे माशासारखे कल्ले. ते कल्ले बघितले की मला अजूनही हात फिरवावासा वाटतो. सहा सिलिंडरवाली मिळाली तर उत्तम, चारवालीही प्रामाणिक आहे.

बॉक्स्टर. हिच्याबद्दल मी जरा हळवा आहे. टपाला मध्यावर एकच खिटी, ती चालवणाऱ्याने सोडायची, पुढचं मोटर बघते. पुढचं झाकण उघड, सामानाची जागा. मागचं उघड, तिथेही सामानाची जागा. इंजिन शोधत माणूस गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. ते दोघांच्या पाठीशी, मधोमध, आडवं निजलेलं असतं. त्यामुळे वजन असं वाटलं गेलंय की वळणावर गाडी वळते असं वाटतच नाही, रस्ताच आपल्याखाली फिरवून घेतल्यासारखा वाटतो. तुझ्यासारख्या तागडीवाल्या बाईला हीच शोभेल. एका घरं आखणाऱ्या साहेबांची माझ्याकडे टप बदलायला आली आहे आणि ते विकायचं म्हणतायत.

एसएलके. हिच्याबद्दल मला विचारू नकोस. टप पत्र्याचा. बटण दाबलं की मोडतो, घडी होतो, डिकीत जातो. पत्र्याला सुई लागत नाही, ताई. ही आली तेव्हा वाटलं होतं, आता आपलं दुकान बंद. देखणी आहे, नाही म्हणत नाही. सवत देखणी असली तरी सवतच.

बॉक्स्टर घे.

तुझा
दोऱ्या


२० फेब्रुवारी

चि. दोऱ्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सवतमत्सराच्या भरवशावर मी निर्णय घेत नाही, म्हणून एसएलके आधी पाहिली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची आहे, चंदेरी. त्या शेजारी बसल्या, मी चालवली. आधी टप. बटण दाबलं; डिकीचं झाकण उलट्या अंगाने उघडलं, पत्रा मधून मुडपला, आत गेला, झाकण मिटलं. पंचवीस सेकंद, मी घड्याळ लावलं होतं. पुन्हा बंद करायला लावला. पंचवीस. पुन्हा उघडायला लावला.

"बाई, किती वेळा?" त्या म्हणाल्या.

"तीन वाचनं झाल्याशिवाय मी माप मानत नाही," मी म्हटलं. "तुम्ही एकदाच बघून दात काढता का?"

तिसऱ्या वेळीही पंचवीस. दोऱ्या, तुझं दुःख मला कळतं, पण इतकी शिस्त मी आमच्या खात्यातही पाहिली नाही. टप मिटला की बंद खोलीसारखी शांतता, रस्त्यावरचं कुत्रं भुंकताना दिसतं पण ऐकू येत नाही. टप डिकीत गेला की सामानाला एका पिशवीपुरती जागा उरते. माणसाला आणखी काय लागतं म्हणा.

नंतर झेड-थ्री. आमच्या रस्त्याच्या टोकाला जुन्या गाड्या विकणारा आहे, त्याच्याकडे, गडद हिरवी, सहा सिलिंडरची. मी टेप काढल्यावर म्हणाला, "मॅडम, गाडी घेताय की तिला ब्लाउज शिवताय?" मी त्याला गप्प बसवलं आणि मोजलं. घरात ज्या वेताच्या खुर्चीतून हे कोणाचा हात न धरता उठतात तिची उंची चाळीस सेंटीमीटर आहे. एसएलकेची सीट जमिनीपासून एकेचाळीस. झेड-थ्रीची बरोबर चाळीस.

मग चालवली. लांब नाकामुळे पहिल्या वळणावर वाटलं, आपण होडीच्या मागच्या टोकाला बसलोय. तिसऱ्या वळणापासून वाटलं, होडी आपलीच आहे. काहीही लपवत नाही ही गाडी. रस्ता खडबडीत असेल तर खडबडीत सांगते, आणि वेग वाढवला की इंजिन आधी नम्रपणे विचारतं, मग आनंदाने देतं. मला खरं बोलणारी यंत्रं आवडतात. परत आले तेव्हा गाडीवाला म्हणाला, "मॅडम, हसताय." मी हसत नव्हते. वाऱ्याने ओठ मागे जातात.

बॉक्स्टर लांब आहे आणि तू तिच्या प्रेमात आहेस, म्हणजे तुझं मत बाद. झेड-थ्री ठरली. येत्या रविवारी गाडीवाला दारात आणून उभी करणार आहे. हे खिडकीतून पाहतील. पुढचं पुढे.

तुझी ताई


४ मार्च

चि. दोऱ्यास,

झेड-थ्री रद्द. कारण: सीट. बॉक्स्टरच्या सीटची उंची मोजून कळव. दाराच्या उंबऱ्याची रुंदीही.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

चार ओळींचं पत्र तू याआधी एकदाच लिहिलं होतंस, मावशी गेली तेव्हा. मी घाबरलो. बायको म्हणाली, फोन लाव. लावला. तू बोलत होतीस एवढं कळलं, काय ते नाही. दाजी बरे आहेत ना? लगेच लिही.

तू मागितलंस म्हणून बॉक्स्टर मोजली. मी स्वतः आत बसलो आणि बायकोने बाहेरून टेप धरली. बसल्यावर माझ्या बुडाखाली तेहतीस. रिकामी असताना एकोणचाळीस. माझं वजन वाढलंय, पण सहा सेंटीमीटरचं नक्की नाही. जुनी सीट माणूस बसला की दबतेच. पंचवीस वर्षं लोक बसलेत त्या फोमवर.

ताई, तू झेड-थ्रीची चाळीस लिहिलीस. ती बसून मोजलीस की रिकामी?

दोऱ्या


१५ मार्च

चि. दोऱ्यास,
आशीर्वाद.

रिकामी.

आता सगळं लिहिते, म्हणजे एकदाच लिहून होईल. रविवारी सकाळी दहाला गाडी आली, टप उघडा. हे खिडकीशी गेले. मग मला चपलांचा आवाज आला. दोऱ्या, पाच महिन्यांनी हा माणूस दोन मजले उतरला, घरातल्या चपलांवर, कठड्याला धरत. मी मागोमाग. गाडीभोवती एक फेरी मारली, कल्ल्यांवर हात ठेवला, तू म्हणतोस तसाच. गाडीवाल्याने शेजारच्या बाजूचं दार उघडलं. हे बसले. मी टेप घेऊन उभी होते. चाळीसचे चौतीस झाले ते माझ्या डोळ्यांदेखत.

मग उठता येईना. वीस मिनिटं. गाडीवाला, शेजारचे निवृत्त पोस्टमन, त्यांचा मुलगा आणि मी. बाल्कन्यांतून माणसं. कोणी म्हणालं, "क्रेन बोलवा." शेवटी काखेत हात घालून, पोत्यासारखं. वर गेले आणि तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

एकतीस वर्षं मी दुकानदारांना हेच बजावलं की काटा रिकामा असताना शून्यावर येतो म्हणून भार पडल्यावर खरं बोलेल असं नाही. वजनं घालून तपासा. ह्याच चुकीसाठी मी माणसांची दुकानं बंद करवली आहेत. आणि स्वतःच्या नवऱ्यासाठी रिकामी सीट मोजून आले.

ह्यांना बाहेर काढायला निघाले होते, आता ते खिडकीशीही बसत नाहीत. खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली आहे. बॉक्स्टरचा विषय बंद. गाडीचाच विषय बंद.

ताई


१७ मार्च

प्रिय दोऱ्या,

तुझी ताई दवाखान्यात माझी औषधं आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. तिने तुला काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. ती पाकीट चिकटवताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्यावरून कळलं. तिला वाटतं मी अडकलो आणि लाजलो. अर्धं खरं आहे.

पहिली पाच-सात मिनिटं मी अडकलो नव्हतो. मला उठायचंच नव्हतं.

ह्या गाड्या मी वरून पाहिल्या आहेत, बसच्या खिडकीतून. वरून सगळं दिसतं: कोणाच्या मांडीवर काय आहे, कोण कोणाचा हात धरून आहे, कोण भांडून आलंय. ती चंदेरी, पत्र्याच्या टपाची, एकदा पावसात सिग्नलला टप मिटत होती. हिरवा लागला तरी मी बस हलवली नाही. सगळे प्रवासी खिडक्यांना लागले, टप बसला तेव्हा टाळ्या पडल्या. बॉक्स्टर आली की आधी ती जायची आणि मग तिचा आवाज यायचा. त्यातल्या माणसाकडे मी बघायचो, तो रस्त्याकडे बघायचा. शेजारच्या सीटवर बहुतेकदा त्याची बॅग असायची. आणि झेड-थ्रीत मी बहुतेक वेळा जोडपी पाहिली. टप उघडताना दोघांचे हात वर जायचे, एक खिटी ह्याची, एक तिची. दोघं एकमेकांकडे बघून "सोडली?" म्हणायचे. वरून त्यांचे ओठ दिसायचे.

मी तीस वर्षं चोपन्न माणसं मागे घेऊन फिरलो. आता जो तो मला मागे बसवायला बघतो. मागे बसलेल्याला काही काम नसतं रे, तो नुसता नेला जातो. ह्या गाडीला मागे जागाच नाही. कोणी मला मागे बसा म्हणूच शकत नाही.

तिथे बसलो असताना कोपऱ्यावरून बस वळली. माझ्याच मार्गाची. बस मी इतक्या खालून पहिल्यांदाच पाहिली. केवढी मोठी असते. आणि वरच्या खिडकीतून तिचा ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता.

आणखी एक. हात मांडीवर ठेवला की थरथरतो. मी टपाची खिटी धरून पाहिली, तेव्हा थांबला. कोणाला दिसलं नाही. तुझी ताई टेप गुंडाळत होती. तोवर पाय खरंच आखडले आणि मग चौघांनी ओढायला सुरुवात केली.

तीन दिवस बोललो नाही ते रागाने नाही. तिला हे कसं सांगावं ते सुचत नव्हतं. खुर्ची भिंतीकडे वळवली कारण खिडकीतून तो गाडीवाला दिसतो आणि गाडी विकली गेली का हे बघत बसायचं मनाला बरं वाटत नाही.

सीटचं काही होईल का? तिला सांगू नकोस. सांगितलंस तर ती माझं वजन करायला काटा मागवेल.

तुझे दाजी


२५ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

दाजींचं पत्र आलं आहे हे मी तुला सांगणार नाही, कारण सांगू नकोस असं त्यात लिहिलं आहे. तेव्हा जे सांगतो ते माझ्याच डोक्यातलं समज.

हिरवी झेड-थ्री विकली गेली नसेल तर हे पत्र मिळेल त्याच दिवशी ठरवून टाक. शेजारची सीट काढून मालगाडीने माझ्याकडे पाठव. मी टप शिवतो हे तुझ्या लक्षात राहिलं, सीटही भरतो हे विसरलीस. कडक फोम, खाली काथ्याची गादी, वर तेच जुनं चामडं. दबून दबून अर्धा सेंटीमीटर दबेल. सोबत दाजींचं वजन कळव. काटा मागवलास तर ते हसतील, हसू दे.

बॉक्स्टरबद्दल माझं मत बदललेलं नाही. चालवायला तिघींत तीच पहिली, आणि हे मी कोर्टात सांगेन. पण ती चालवणाऱ्याची गाडी आहे. शेजारचा तिच्यात पाहुणा. एसएलके बटणाची गाडी आहे, आणि हे लिहिताना माझा हात कापत नाही: काम झकास, पण त्यात माणसाला काम नाही. झेड-थ्रीला दोन खिट्या आहेत. चालवणाऱ्या बाईचा हात दुसऱ्या टोकापर्यंत सहज पोचत नाही. पोचत असला तरी तू पोचवू नकोस.

आणि ताई, खुर्ची भिंतीकडे का वळली ते तू विचार. तू माणसांना फार कमी प्रश्न विचारतेस, काट्यांना जास्त.

दोऱ्या


६ मे

चि. दोऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

विचारलं. उत्तर मिळालं. पत्राबद्दल तू काही सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं आहे.

गाडी बयाणा देऊन राखून ठेवली होती; सीट परवा आली, काल गाडीवाल्याकडेच बसवली. आज ह्यांना बसवून, भार धरून मोजली, तीन वाचनं: साडेएकोणचाळीस, साडेएकोणचाळीस, साडेएकोणचाळीस. फोमच्या बाबतीत तू प्रामाणिक माणूस आहेस. परिणाम एवढाच की हे माझ्यापेक्षा चार बोटं उंच बसतात आणि टाळू काचेच्या वर जातो. मी म्हटलं, वारा लागेल. म्हणाले, "ड्रायव्हर उंचच बसतो." मी म्हटलं, ड्रायव्हर मी आहे. म्हणाले, "मग नीट चालवा."

आज सकाळी खाली उतरले, बुटांवर. टप उघडताना मी माझी खिटी सोडली आणि थांबले. ह्यांना वेळ लागला. पोस्टमन पुढे सरसावले, मी त्यांना डोळ्यांनीच जागेवर बसवलं. मग ह्यांनी विचारलं, "सोडली?" मी म्हटलं, मघाशीच. टप मागे गेला. नदीकडच्या रस्त्याने जाऊन आलो. बसथांब्यापाशी त्यांनी मला हळू करायला लावलं आणि वर बघून हात केला. वरून हॉर्न आला. परत आल्यावर काचेची पट्टी धरून उठले, एका हिसक्यात, कोणी हात लावला नाही. उद्या डॉक्टरांकडे आम्हीच जाणार आहोत. त्यांनी येऊ नये असं कळवलं आहे.

कागदपत्रांची प्रत माझ्याकडे आहे, तुझ्यासाठी नोंद उतरवून देते. तुझं काम त्यात आहे, तुला माहीत असावी.

हस्तांतराची नोंद
दिनांक ६ मे, सकाळी नऊ वाजता, राहत्या घरासमोर.
देणार: जुन्या गाड्या विकणारे. घेणार: मी.
दोन सीटची उघडी गाडी, गडद हिरवी, एक.
कापडी टप, शिवण शाबूत, दोन्ही खिट्या तपासून.
मालकाची पुस्तिका, पहिल्या मालकाच्या हस्ताक्षरातील टिपणांसह, एक.
जादा चाक आणि जॅक, प्रत्येकी एक.
शेजारची सीट, नव्याने भरलेली, भाराखाली तपासलेली, एक.
किल्ल्या, दोन. पहिली माझ्याकडे. दुसरी घरातल्या खिळ्याला लावणार होते, ती ह्यांनी मागितली. गाडी चालवणार नाहीत हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. दिली.